लशीच्या खुणेभोवतीचा गोल

मुंबईतल्या हॉस्पिटलांत ट्रॉली ढकलणाऱ्या, पेशंटला उचलून टेबलावर ठेवणाऱ्या माणसाला 'मामा' म्हणतात. त्याचं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडत नाही. आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मामांचं नाव जयवंत घाडीगावकर आहे, हे मला तिथे काम करायला लागल्यावर चौथ्या वर्षी कळलं, तेही त्यांच्या रजेच्या अर्जावर नजर गेली म्हणून. याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मी हाडांची डॉक्टर. त्यातही खांद्याच्या शस्त्रक्रिया करते. माहेर गिरगावातलं, आडनाव त्रिलोकेकर, आणि स्वभाव तिखट. आमच्या घराण्यात पणजोबांपासून सगळे हापिसात कुणा ना कुणाला हुकूम सोडत आले, तो गुण माझ्यातही पुरेपूर उतरलाय असं माझी आई म्हणते. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दामच सांगत नाही.

मामा लालबागचे. वडील बाबाजी घाडीगावकर कणकवलीकडून आले आणि गिरणीत लागले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरातल्या घरात बसून राहण्याचं काम पत्करलं, असं मामा सांगतात. मामा विसाव्या वर्षी हॉस्पिटलात चिकटले आणि हाडांच्या थिएटरला आले ते तिथेच राहिले. उंची बेताची, अंगाने सुकट, पण शंभर किलोचा माणूस ट्रॉलीवरून टेबलावर असा सरकवतात की झोपलेल्याची झोप मोडू नये. आम्ही चौघं डॉक्टर लागून तोच माणूस सरकवला तर एखाद्याची कंबर धरते.

खांद्याचं ऑपरेशन पेशंटला आडवं झोपवून करत नाहीत, निदान आम्ही करत नाही. त्याला अर्धवट बसवायचं, पाठ टेकलेली, गुडघे जरा वाकलेले. पुस्तकात या बैठकीला समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्चीचं नाव आहे. मामा तिला 'आरामखुर्ची' म्हणतात. ऑपरेशन मी करते, पण आरामखुर्ची मामा लावतात, आणि त्यात जराशी जरी चूक झाली तरी ऑपरेशन कितीही सुरेख होऊनही फुकट जातं. मान एका बाजूला जास्त कलली की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि चांगल्या खांद्याचा पेशंट लुळा हात घेऊन घरी जातो. दुसरा हात कोपरावर दाबून राहिला तर त्याच्या करंगळीला महिनोन्महिने मुंग्या येतात. डोकं फार उंच झालं तर मेंदूला रक्त कमी पडतं. मामांची मोजपट्टी एकच, नाक आणि बेंबी एका रेषेत. ते टेबलाच्या पायथ्याशी जाऊन एक डोळा मिटून बघतात, परत येऊन मानेखालची घडी दोन बोटं सरकवतात, पुन्हा जाऊन बघतात. या सगळ्याला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ मी हात धुऊन, दोन्ही हात छातीसमोर धरून उभी असते आणि मनातल्या मनात चरफडत असते.

"मामा, आज होणार का?" मी विचारते.

"होतला मॅडम. खुर्ची बसली पायजे," ते न वळता म्हणतात.

दुर्बिणीतून खांद्याचं काम करताना आत सतत मिठाचं पाणी सोडावं लागतं. ते पाणी सांध्यातून बाहेर पाझरून आजूबाजूच्या मांसात शिरतं आणि खांदा पुरीसारखा फुगतो. बहुतेक वेळा ते रात्रीपर्यंत उतरतं. पण एकदा काम लांबलं, मी पडद्यावर डोळे लावून स्नायू हाडाला बांधणारी, फाटलेली कंडरा शिवत होते, आणि मामांनी हिरव्या कापडाखालून हात घालून पेशंटची मान चाचपली. "मॅडम, मान टाइट लागताहा," ते म्हणाले. पाणी मानेपर्यंत चढलं होतं, आणखी चढलं असतं तर श्वासनळी दाबली असती. भूल देणाऱ्या बाईंनी बघितलं आणि आम्ही तिथेच पाणी बंद केलं. मान चाचपायचं काम मामांचं नव्हतं. पण मामा पाण्याच्या रिकाम्या पिशव्या मोजत बसले होते आणि पिशव्या नेहमीपेक्षा जास्त झाल्या, म्हणून त्यांनी हात घातला. मी त्यांना त्या दिवशी थँक्यू म्हटलं की नाही ते मला आठवत नाही.

आता त्या गोलाविषयी सांगते.

खांद्याचा पेशंट थिएटरच्या बाहेर ट्रॉलीवर थांबलेला असतो तेव्हा मामा त्याच्याशी गप्पा मारतात. गाव कुठलं, घरी कोण, गणपतीला जाणार की नाही. बोलता बोलता दंडावर पेनाने काहीतरी काढतात. आपण सगळ्यांनी लहानपणी दंडावर लस टोचून घेतलेली असते, तिची खूण राहते ना, बरोबर त्या जागी. दुखरा दंड दुसरा असेल तर तिथेही तीच जागा मापून. बहुतेक वेळा गोल असायचा, क्वचित फुली. पेन आमचंच, कातडीवर खुणा करायचं जांभळ्या शाईचं. आम्हाला वाटायचं, डाव्याच्या जागी उजवा खांदा कापला जाऊ नये म्हणून मामा आपली जादा खूण करतात. आमच्यातला एक जण म्हणायचा, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात. यावर आम्ही हसायचो. मामाही हसायचे. गोल कधी आणि फुली कधी, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हात मोडून आलेल्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर एक ओळ असते, 'नसा ठीक, रक्तपुरवठा ठीक'. ती ओळ तपासून लिहायची असते. आमच्याकडे ती न तपासताच, हाताच्या सवयीने लिहिली जाते. पहिल्या दिवशी कुणीतरी लिहितं, दुसऱ्या दिवशी दुसरा वरचं बघून खाली उतरवतो. मीही शिकत असताना शेकड्यांनी अशा ओळी उतरवल्या आहेत. इतक्या पेशंटांत खरंच ठीक असतातच की बहुतेकांच्या नसा, म्हणून ते खपून जातं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी अंबिका नाखवा आमच्याकडे आली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, अठ्ठेचाळीस वर्षांची, आवाज असा की वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरचा जागा व्हावा. धक्क्याच्या शेवाळलेल्या फळीवरून पाय घसरला आणि ती डाव्या खांद्यावर पडली. दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं होतं, तीन तुकडे. नवरा वारलेला, मुलगी प्राची कॉलेजात, आणि घर चालायचं ते अंबिकाच्या बोंबलांवर. ती डावखुरी होती. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत घालतात, आणि वरची दोरी डोक्याच्याही वर असते. हात तिथवर गेला नाही तर धंदा बसला, इतकं ते सरळ होतं.

"हात वर जाईल ना गो डॉक्टर?" तिने मला विचारलं. "मला बाकी काय नको. वरच्या दोरीला पोचला पायजे."

"पोचेल," मी म्हटलं. असं छातीठोक सांगायचं नसतं. पण मी सांगितलं, कारण त्या सुमारास मी एक नवी पद्धत शिकून आले होते आणि जरा हवेत होते. नेहमीच्या पद्धतीत खांद्याच्या पुढून वीतभर छेद घेऊन हाड उघडं करतात. नव्या पद्धतीत खांद्याच्या टोकाशी बाजूने छोटा छेद घ्यायचा, स्नायूच्या आतून बोट घालून वाट करायची आणि मोडलेलं हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी हाडाला घसटून खाली सरकवायची. खाली आणखी एक छोटा छेद घेऊन स्क्रू लावायचे. रक्त कमी, व्रण कमी, पेशंट लवकर उठतो. धोका एकच. खांद्याच्या टोकापासून चारेक बोटं खाली एक नस हाडाला मागून वळसा घालून पुढे येते, नेमकी त्या वाटेला आडवी. खांद्यावरचा जो जाड गोल स्नायू हात वर उचलतो, त्याला हीच नस चालवते. पट्टी सरकवताना ती बोटाने चाचपून, उचलून धरायची असते. नस पट्टीच्या वर राहिली पाहिजे.

मंगळवारी मी अंबिकाचं ऑपरेशन केलं. मामांनी खुर्ची लावली, मी चरफडले, सगळं नेहमीसारखं. आत बोट घातल्यावर ती दोरीसारखी नस लागली, मी ती उचलली, पट्टी सरकवली. पट्टी चपखल बसली. फोटो इतका छान आला की मी तो मोबाइलवर दोघा मित्रांना पाठवला.

आम्ही खांद्याच्या पेशंटला मानेतही भुलीचं इंजेक्शन देतो. त्याने दुखत नाही, पण हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लाकडासारखा पडून राहतो. त्यामुळे आत काही बिघडलं असेल तरी ते सकाळीच कळतं.

बुधवारी सकाळी अंबिकाची बोटं हलत होती, मनगट हलत होतं, मूठ वळत होती. मी तिचं कोपर हातात धरलं आणि म्हटलं, "बाहेर ढकला." तिचा चेहरा ताणला गेला, पण खांद्यावरचा स्नायू जराही हलला नाही. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "ढकलते ना!" मी दंडाच्या बाहेरच्या बाजूवर बोट फिरवलं आणि विचारलं, काही कळतंय का. तिने नाही म्हटलं.

आमचे युनिटचे प्रमुख कमलाकांत सर. मोठे सर्जन, मनाने चांगले, आणि सव्वीस वर्षांत शंभर भानगडी निस्तरलेले. त्यांनी फिल्म बघितली आणि शांतपणे म्हणाले, "अगं, एवढी जोरात पडली ती. पडतानाच नस ताणली गेली असणार. खांदे असे मोडतात तेव्हा किती जणांची जाते! आपोआप येते परत. तीन महिने वाट बघू, मग नसेची तपासणी करू."

हे खोटं नव्हतं. पडताना नस ताणली गेली असेल तर खरोखरच वाट बघतात, आणि बहुतेकांची नस परत येते. पण ऑपरेशनात पट्टीखाली चिरडली गेली असेल तर तीन महिन्यांनी तिथे वाचवण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं, मंगळवारी सकाळी, मी हात लावण्याआधी, ती नस जिवंत होती का?

"केसपेपरवर 'नसा ठीक' आहे, सर," मी म्हटलं.

"ते तर सगळ्यांच्याच पेपरवर असतं," सर म्हणाले. "खरं कोणी तपासलं होतं? तू?"

मी तपासलं नव्हतं. आणि खरं सांगते, सरांचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. पडतानाच गेली. माझ्या हातून नाही. तीन महिने.

मी थिएटरकडे निघाले, बुधवारीही आमची ऑपरेशनं असतात. दाराशी मामा उभे होते. अंबिकाची बातमी वॉर्डातून त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते हळूच म्हणाले, "मॅडम, काल सकाळी त्या बायचा हात कळत होता. मी बघितलंय."

आणि मी भडकले. सकाळपासून जे आत साचलं होतं ते त्या माणसावर ओतलं. "मामा, तुम्ही ट्रॉली सांभाळा. नसा मी सांभाळते," असं मी चारचौघांत म्हणाले. तिथे दोन सिस्टर होत्या, त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

मामा गेले नाहीत. "ट्रॉलीच सांभाळतंय मॅडम," ते म्हणाले, "म्हणान सांगतंय. हय बघा."

दारापाशी दुसऱ्या पेशंटची ट्रॉली होती. साठीचे एक गृहस्थ, धनेश नावाचे, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतले. त्यांचाही खांदा मोडलेला. मामांनी त्यांच्या दंडावरची चादर बाजूला केली. तिथे गोल नव्हता, फुली होती.

"याका कळना नाय," मामा म्हणाले. "तुम्हीच बघा."

मी केसपेपर उघडला. त्यावर, अर्थातच, 'नसा ठीक'. दोन वेळा, दोन वेगळ्या अक्षरांत. मामांनी खिशातून कापसाचा बोळा काढून माझ्या हातात दिला. मी धनेशना डोळे मिटायला सांगितलं आणि फुलीवर कापूस फिरवला. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. "लावला की सांगा मॅडम," ते म्हणाले. मी तीनदा लावला होता.

कळलं तर गोल, नाही कळलं तर फुली. अकरा वर्षं ती खूण माझ्या सुरीपासून दोन बोटांवर असायची आणि मला ती वाचता आली नाही. मी तशीच उलटी वॉर्डात गेले, अंबिकाच्या दंडावरचं बँडेज सोडलं. जंतुनाशकाने बरीचशी शाई पुसली होती, पण लशीच्या खुणेभोवती अर्धा जांभळा गोल अजून होता. खालचा टाका त्याच्या अगदी शेजारून गेला होता. मीच घातलेला.

अंबिकाला मी विचारलं, काल मामांनी कापूस फिरवला तेव्हा कळलं होतं का. "कललं ना," ती म्हणाली. कोळीवाड्यातली असल्याने ती ळ ला ल म्हणायची. "गुदगुल्या झाल्या. मी त्याला हसले पन. का गो?"

सरांकडे मी मामांनाच घेऊन गेले. सर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "क्षितिजा, उद्या काही झालं तर कागदावर काय दाखवशील?" ते म्हणाले. "मामांनी कापूस फिरवला? सही कुणाची आहे त्याच्यावर?" मग ते उठले, स्वतः धनेशच्या ट्रॉलीपाशी गेले, त्यांनीही कापूस फिरवला, आणि बराच वेळ केसपेपरवरच्या त्या दोन ओळींकडे बघत राहिले. सरांचा मोठेपणा हा की त्यानंतर त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "उद्या सकाळी पहिली केस तिची घे."

त्या दुपारी मी मामांना चहाला बसवलं. आमच्या खोलीत, खुर्चीवर. ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. मी माफी मागितली तर त्यांनाच कसंतरी झालं. मग त्यांनी सांगितलं.

त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. वरळीच्या बीडीडी चाळीतला मनू नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, खांदा सारखा निखळायचा म्हणून ऑपरेशनला आला. मामांनीच त्याला टेबलावर बसवलं. ऑपरेशन लांबलं. नंतर त्याचा हात उठेना. डॉक्टर आपसात बोलले, मामांना कुणी काही विचारलं नाही, कारण मामांना कोण विचारणार? पण मनूने विचारलं. "मामा, तुम्ही मला उचललंत तेव्हा माझा हात ठीक होता ना?"

"मी काय सांगतलंय मॅडम?" मामा म्हणाले. "मी बघितलाच नव्हता. त्याची मान जरा वाकडी झालेली असात काय? माझ्या हातान झाला काय? की आदीपासूनच होता? रातभर इचार केलंय, आटावला नाय." पुढे खूप वर्षांनी प्रभादेवीला मनू त्यांना दिसला. बायको होती बरोबर, छोटी मुलगी होती. त्याने मामांना ओळखलं आणि नमस्कार केला, एका हाताने. दुसरा खिशात होता.

मनू घरी गेल्यावर मामांनी भूल देणाऱ्या राजलक्ष्मी मॅडमना गाठून विचारलं होतं, हात ठीक आहे हे माझ्यासारख्याने कसं ओळखायचं? त्या बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी मामांच्याच दंडावरच्या लशीच्या खुणेवर कापूस फिरवला आणि सांगितलं, ही जागा बघ, ही त्या नसेची. तेव्हापासून मामांनी आरामखुर्चीवर बसवलेला एकही माणूस कापसाशिवाय आत गेला नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही, कुठे लिहिलं गेलं नाही.

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत, गोल म्हणजे काय ते?" मी विचारलं.

"तुम्ही हसत होतात ना," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते बशीत चहा ओतत होते.

संध्याकाळी मी अंबिकापुढे बसले आणि जे होतं ते सांगितलं. की तुमचा हात ऑपरेशनच्या आधी चांगला होता, आता नाही, म्हणजे बहुधा माझ्या हातून काहीतरी झालंय, उद्या पुन्हा उघडून बघावं लागेल. प्राची रडायला लागली. अंबिका माझ्याकडे बघत राहिली.

"तूच करशील का दुसरा कोन?" तिने शेवटी विचारलं.

"सर हवेत म्हणालात तर सर करतील."

"नको," ती म्हणाली. "तू केलायस ना, तूच निस्तर. पन तो मामा पायजे."

गुरुवारी मामांनी खुर्ची लावली. नाक आणि बेंबी एका रेषेत. त्या दिवशी मी चरफडले नाही, टेबलाच्या पायथ्याशी जाऊन मीही एक डोळा मिटून बघितलं. मग छेद वाढवून आत गेले. छोट्या व्रणाची हौस फिटली होती, सगळं नीट दिसेल इतका छेद घेतला. आणि तिथे ती होती. नस तुटली नव्हती. पट्टीची कड आणि हाड यांच्यामध्ये चपटी होऊन अडकली होती, ओल्या कपड्याची नाडी दारात सापडावी तशी. मी बोटाने जी उचलली होती ती नस नव्हतीच, स्नायूचा एक पदर होता. मी दोन स्क्रू सैल केले, पट्टी उचलली, नस सोडवली, आणि तिच्यावर पट्टी पुन्हा बसणार नाही अशी जागा करून घेतली. मामांनी न विचारता माझ्या मागे स्टूल आणून ठेवलं.

चिरडलेली नस लगेच उठत नाही. वाट बघावीच लागली. फरक इतकाच की आता वाट बघण्यात अर्थ होता. पहिला महिना काही नाही. दुसरा महिना काही नाही. अंबिका दर पंधरवड्याला यायची, प्राची तिचा हात रोज हलवून घ्यायची म्हणजे सांधा धरणार नाही, आणि मी कोपर धरून म्हणायची, "ढकला." तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी कातडीखाली काहीतरी फडफडलं. इतकं बारीक की मला भास वाटला. मी पुन्हा ढकलायला सांगितलं आणि ते पुन्हा फडफडलं.

दिवाळीनंतर, साडेपाच महिन्यांनी, अंबिका आली ती ओपीडीत शिरली तेव्हाच आवाजावरून कळलं. मी काही बोलायच्या आत ती पडद्याच्या दांडीपाशी गेली आणि डावा हात वर नेला. मध्ये एकदा अडखळला, मग पुढे गेला, आणि तिने दांडी मुठीत धरली. "वरची दोरी," ती म्हणाली. प्राचीने तोंडावर ओढणी धरली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

अंबिकाने मामांना बोलावून घ्यायला लावलं. मामा थिएटरच्या निळ्या कपड्यांतच खाली आले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, बाही वर केली, डोळे मिटायला सांगितलं आणि खिशातून कापूस काढला. लशीच्या खुणेवरून तो अगदी हलका फिरवला.

"कळता?"

"कलतं," अंबिका डोळे मिटून म्हणाली. "गुदगुल्या होतान रं."

मामांनी पुन्हा एकदा फिरवला, आणि तिने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन मागून घेतलं आणि खुणेभोवती गोल काढला. काढून झाल्यावर ते स्टुलावर बसले.

"मनूचा मात्र कळलाच नाय, मॅडम," ते म्हणाले.

मामा, तुमची चूक नव्हती, असं सांगावंसं फार वाटलं. पण मला ते माहीत नव्हतं, आणि न बघता 'ठीक' म्हणायची सवय मी नुकतीच सोडली होती. मी अंबिकाचा केसपेपर पुढे ओढला. 'डाव्या दंडावर स्पर्श कळतो. हात डोक्याच्या वर जातो.' असं लिहिलं. त्याखाली छापील ओळ असते, तपासणाऱ्याचं नाव. तिथे मी लिहिलं, जयवंत घाडीगावकर, आणि शेजारी माझी सही केली. कागद मामांपुढे ठेवला.

मामांचा चष्मा वर थिएटरात राहिला होता. त्यांनी कागद हात लांब करून धरला, मान मागे घेतली आणि बारीक डोळ्यांनी वाचला. एकदा वाचून खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मॅडम," ते म्हणाले, "नाव पुरा लिवा ना. जयवंत बाबाजी घाडीगावकर."

मी पेन घेतलं आणि मधल्या जागेत बाबाजी लिहिलं.